शालेय समुपदेशनातील कला-उपक्रम

शालेय समुपदेशनातील कला-उपक्रम म्हणजे शाळेतील समुपदेशकाने विद्यार्थ्याशी संवाद साधण्यासाठी व त्याला भावनिक आधार देण्यासाठी चित्रकला, मातीकाम, कोलाज, बाहुलीनाट्य, नाट्य, संगीत, लेखन इत्यादी कलामाध्यमांचा केलेला हेतुपूर्वक वापर होय. या उपक्रमांत कलाकृतीच्या सौंदर्यमूल्याला महत्त्व नसते. कलाकृती घडविताना विद्यार्थ्याला येणारा अनुभव आणि तिच्या निमित्ताने होणारा संवाद हे त्यांचे मुख्य प्रयोजन असते. लहान मुलांची शब्दसंपत्ती मर्यादित असते आणि किशोरवयीन मुले स्वतःविषयी मोठ्यांशी थेट बोलण्यास बहुधा नाखूश असतात. शोक, भीती, छळ किंवा कौटुंबिक कलह यांसारखे अनुभव तर प्रौढांनाही शब्दांत मांडणे अवघड जाते. अशा वेळी कलामाध्यम हा बोलण्याला पूरक, आणि काही प्रसंगी एकमेव उपलब्ध मार्ग ठरतो.

व्याख्या व व्याप्ती

या विषयात तीन वेगवेगळ्या संकल्पना बऱ्याचदा एकमेकींत मिसळल्या जातात.

१. कलाशिक्षण – चित्र, संगीत, नाट्य आदी विषयांचे अध्यापन. यात कौशल्यप्राप्ती हे उद्दिष्ट असते आणि मूल्यमापनही असते.
२. कला-उपचार – प्रशिक्षित कला-उपचारकाने मानसिक आरोग्याच्या समस्यांवर कलेच्या साहाय्याने केलेला उपचार. ब्रिटनमध्ये 'आर्ट थेरपिस्ट' हे व्यावसायिक नामाभिधान कायद्याने संरक्षित असून नोंदणीशिवाय ते वापरता येत नाही.
३. समुपदेशनातील कला-उपक्रम – शालेय समुपदेशकाने आपल्या नेहमीच्या कामात कलामाध्यमांचा केलेला मर्यादित वापर. यात रोगनिदान किंवा उपचार अभिप्रेत नसतात. मुलाशी विश्वासाचे नाते जोडणे, भावनांना नाव देण्यास मदत करणे, ताण हलका करणे, अडचणींतून मार्ग शोधणे आणि गरज भासल्यास तज्ज्ञाकडे पाठविणे एवढी त्याची कक्षा आहे.

प्रस्तुत लेख मुख्यतः तिसऱ्या संकल्पनेविषयी आहे.

इतिहास

बालकांच्या चित्रांकडे प्रौढ चित्रकलेची अपक्व नक्कल म्हणून न पाहता स्वतंत्र अभिव्यक्ती म्हणून पाहण्याची दृष्टी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात रूढ होऊ लागली. फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये व्हिएन्ना येथे मुलांसाठी सुरू केलेला कलावर्ग हा त्या दिशेचा आरंभीचा प्रयत्न मानला जातो. मुलांना नमुने गिरवायला न लावता त्यांच्या कल्पनेप्रमाणे काम करू देणे हे त्या वर्गाचे वैशिष्ट्य होते.

अमेरिकेत मार्गारेट नॉमबर्ग यांनी १९१४ मध्ये न्यूयॉर्क येथे एक शाळा स्थापन केली. ती पुढे वॉल्डन स्कूल या नावाने प्रसिद्ध झाली. मनोविश्लेषणाच्या अभ्यासातून नॉमबर्ग यांनी मुलांच्या उत्स्फूर्त चित्रांना अबोध मनाची भाषा मानले. १९४० च्या दशकात त्यांनी मनोरुग्णालयातील मुलांसोबत केलेल्या कामामुळे कला-उपचाराला सैद्धांतिक पाया मिळाला. 'आर्ट थेरपी' ही संज्ञा ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ मध्ये वापरात आणली. क्षयरोगाच्या आरोग्यधामात स्वतः उपचार घेत असताना चित्रकलेने मनाला मिळणारा आधार त्यांनी अनुभवला होता.

फ्रीडल डिकर-ब्रांडाइस (१८९८–१९४४) या व्हिएन्नातील चित्रकर्तीचे कार्य या इतिहासात विशेष महत्त्वाचे आहे. त्यांचे शिक्षण वायमार येथील बाउहाउस या कलाशाळेत झाले होते. नाझी राजवटीने त्यांना डिसेंबर १९४२ मध्ये टेरेझिन येथील बंदिवस्तीत पाठविले. तेथे त्यांनी बंदिवान ज्यू मुलांसाठी गुप्तपणे चित्रकलेचे वर्ग चालविले. कागद मिळेल तसा वापरला जाई. कचेरीतील वापरलेल्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूही चालत. प्रत्येक मुलाने आपल्या चित्रावर स्वतःचे नाव लिहावे असा त्यांचा आग्रह असे. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना ऑशविट्झ येथे नेऊन ठार मारण्यात आले. जाण्यापूर्वी त्यांनी सुमारे ४,५०० चित्रे दोन सुटकेसमध्ये भरून मागे ठेवली होती. ती चित्रे आज प्राग येथील ज्यू संग्रहालयात आहेत. ती काढणाऱ्या बहुसंख्य मुलांचा युद्धात अंत झाला.

डिकर यांच्या विद्यार्थिनी एडिथ क्रेमर (१९१६–२०१४) यांनी ही परंपरा अमेरिकेत नेली. १९५० च्या दशकात विल्टविक स्कूल या वर्तनसमस्या असलेल्या मुलग्यांच्या निवासी शाळेत त्यांनी कलावर्ग चालविले आणि त्या अनुभवावर १९५८ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. नॉमबर्ग चित्राच्या अर्थावर होणाऱ्या चर्चेला महत्त्व देत. क्रेमर यांच्या मते कलानिर्मितीची प्रक्रियाच मुलाच्या आक्रमक व अस्वस्थ प्रेरणांना विधायक वळण देते. हे दोन दृष्टिकोन पुढील काळात या क्षेत्रातील दोन प्रमुख प्रवाह ठरले.

याच काळात खेळ आणि चित्र यांच्या सीमेवरील काही पद्धती विकसित झाल्या. लंडनमध्ये मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२९ च्या सुमारास वाळूचा ट्रे व छोट्या प्रतिकृती यांच्या साहाय्याने मुलांना स्वतःचे 'जग' मांडू देण्याची पद्धत सुरू केली. तिच्या आधारे स्वित्झर्लंडच्या डोरा काल्फ यांनी वाळूखेळाची पद्धत घडविली. व्हर्जिनिया ॲक्सलिन यांनी १९४७ मध्ये मूलकेंद्री खेळोपचाराची तत्त्वे मांडली. बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांच्या 'रेघोट्यांच्या खेळा'त एकाने मारलेल्या रेघेचे दुसऱ्याने चित्र बनवायचे असे. अबोल मुलाशी पहिल्या भेटीत संवाद सुरू करण्यासाठी समुपदेशक आजही हा खेळ वापरतात.

शाळांच्या नियमित व्यवस्थेत कला-उपचाराला स्थान देणाऱ्या आरंभीच्या उपक्रमांत अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील मायामी-डेड काउंटीच्या सार्वजनिक शाळांचा समावेश होतो. तेथे १९७९ मध्ये जॅनेट बुश यांच्या पुढाकाराने हा कार्यक्रम सुरू झाला.

भारतातील पार्श्वभूमी

भारतात या विषयाची मुळे उपचारापेक्षा शिक्षणाच्या परंपरेत अधिक आढळतात. रवींद्रनाथ टागोर यांनी शांतिनिकेतनात कलेला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले. तेथे नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे नयी तालीमच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आले व १९६२ पर्यंत तेथे राहिले. बालचित्रकलेवरील त्यांच्या लेखनात मुलाच्या चित्रात शिक्षकाने हात घालू नये, मुलाची वाढ व त्याची चित्रे यांचे नाते समजून घ्यावे, या भूमिकेचा पुरस्कार आढळतो.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथील बालवाड्यांत गाणी, गोष्टी, मातीकाम व परिसरातील वस्तूंपासून बनविलेली साधने यांना बालशिक्षणाचा पाया मानले. आज समुपदेशनात वापरले जाणारे अनेक उपक्रम ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी परके न ठरण्याचे एक कारण ही परंपरा आहे.

चित्रांच्या मानसशास्त्रीय वापराच्या बाबतीत फ्लोरेन्स गुडएनफ यांच्या १९२६ च्या 'माणूस काढा' चाचणीचे प्रमिला फाटक यांनी बडोदा येथे केलेले भारतीय मुलांसाठीचे रूपांतर उल्लेखनीय आहे. ही चाचणी बौद्धिक विकासाचा अंदाज घेण्यासाठी आहे. भावनिक समस्यांच्या निदानाशी तिचा संबंध जोडणे योग्य नाही.

धोरणाच्या पातळीवर राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या निमित्ताने तयार झालेल्या कलाविषयक भूमिकापत्राने दहावीपर्यंत कला हा विषय सर्वांसाठी असावा अशी शिफारस केली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९ मध्ये कला-एकात्मिक अध्ययन लागू केले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही त्याचा पुरस्कार आहे. मंडळाच्या संलग्नता नियमांत माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांसाठी समुपदेशकाची तरतूद आहे. आयुष्मान भारत योजनेतील शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची योजना असून भावनिक स्वास्थ्य हा त्यातील एक विषय आहे.

सैद्धांतिक आधार

कला-उपक्रमांच्या परिणामाची कारणे पुढीलप्रमाणे सांगितली जातात.

अप्रत्यक्षता – 'तुला कशाची भीती वाटते?' या प्रश्नाला गप्प राहणारे मूल चित्रातील सशाला कशाची भीती वाटते हे सहज सांगते. प्रतीकामुळे अनुभव व मूल यांच्यात सुरक्षित अंतर राहते.

बाह्यीकरण – मनातील गोंधळ कागदावर उतरला की तो पाहता येतो, बदलता येतो, घडी घालून ठेवताही येतो. समस्या म्हणजे मूल नव्हे, ही जाणीव त्यातून होते.

नियंत्रणाचा अनुभव – आजारपण, पालकांचे विभक्त होणे किंवा स्थलांतर यांबाबत मुलाच्या हाती काहीच नसते. कोणता रंग घ्यायचा, काय खोडायचे, चित्र कुठे संपवायचे हे मात्र त्याच्या हाती असते.

स्मरण व कथन – न्यूझीलंडमधील ज्युलियन ग्रॉस व हार्लीन हेन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भावनिक प्रसंगांविषयी केवळ बोलणाऱ्या मुलांच्या तुलनेत चित्र काढत बोलणाऱ्या मुलांनी अधिक माहिती सांगितल्याचे दिसून आले. चित्र येथे अर्थ लावण्याची वस्तू नसून बोलण्याला मदत करणारे साधन आहे.

लेखनाचा परिणाम – जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात क्लेशदायक अनुभवांविषयी सलग चार दिवस थोडा वेळ लिहिणाऱ्यांना लगेच अस्वस्थ वाटले. पुढील काही महिन्यांत मात्र त्यांची आरोग्यकेंद्रातील भेटींची संख्या कमी राहिली. लेखनानंतर मुलाला एकटे न सोडता काही वेळ सोबत करावी, हा धडा समुपदेशक या निष्कर्षातून घेतात.

माध्यमांची निवड

सँड्रा केगिन व व्हिजा लुसेब्रिंक यांनी १९७८ मध्ये कलामाध्यमे व मानसिक प्रक्रिया यांच्या स्तरांचा एक आराखडा मांडला. त्याचा व्यवहारातील उपयोग असा की, माध्यम जितके कोरडे व कठीण तितके मुलाचे त्यावर नियंत्रण अधिक. माध्यम जितके ओले व प्रवाही तितका भावनांचा ओघ अधिक.

पेन्सिल, स्केचपेन – नियंत्रण सर्वाधिक. चिंताग्रस्त किंवा नव्याने आलेल्या मुलासाठी सोयीचे.
तेलखडू, रंगीत खडू – मध्यम नियंत्रण. बहुतेक सत्रांसाठी उपयुक्त व स्वस्त.
कोलाज – जुनी मासिके, कापडाचे तुकडे, पाने, डिंक. 'मला चित्र काढता येत नाही' म्हणणाऱ्या मुलांसाठी विशेष उपयोगी. स्वतःला इजा करून घेण्याचा धोका असलेल्या मुलासमोर कात्री ठेवली जात नाही. कागद हाताने फाडून घेतात.
जलरंग, बोटांनी रंगविणे – नियंत्रण कमी. अतिशय अस्वस्थ मुलाला हे माध्यम पहिल्याच भेटीत दिल्यास अस्वस्थता वाढू शकते.
शाडू व चिकणमाती – थापटणे, मोडणे, पुन्हा घडविणे शक्य असल्याने राग व ताण व्यक्त करण्यासाठी प्रभावी.

एडिथ क्रेमर यांनी कलासाहित्याच्या वापराचे पाच प्रकार सांगितले आहेत: प्राथमिक चाचपणी, अनियंत्रित उद्रेक, बचावासाठी केलेली ठोकळेबाज चित्रे, संवादासाठी काढलेली चिन्हचित्रे आणि घडीव अभिव्यक्ती. यांतील तिसरा प्रकार महाराष्ट्रातील शाळांत ओळखीचा आहे. दोन डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी आणि नारळाचे झाड हे चित्र असंख्य मुले पाठ केल्याप्रमाणे काढतात. त्यातून मुलाच्या मनाविषयी काही निष्कर्ष काढता येत नाही. अपरिचित माणसासमोर मुलाने निवडलेली ती सुरक्षित जागा असते आणि समुपदेशक तिचा मान राखतो.

प्रमुख उपक्रम

मनाचे हवामान

मुलाने आज आपल्या मनात ऊन आहे, ढग आहेत की वादळ, हे रंगवायचे असते. सत्राच्या आरंभी पाच मिनिटांत होणारा हा उपक्रम भावनांना नावे देण्याची सवय लावतो.

सुरक्षित जागा

खरी किंवा काल्पनिक अशी जागा काढणे, जेथे मुलाला निर्धास्त वाटते. आजीचे घर, शेतातील मचाण, गच्चीचा कोपरा अशी उत्तरे येतात. आघातग्रस्त मुलांसोबत कठीण विषयाकडे वळण्यापूर्वी हा उपक्रम घेतला जातो.

जीवनवृक्ष

न्काझेलो न्कुबे व डेव्हिड डेनबरो यांनी आफ्रिकेच्या दक्षिण भागातील, एड्समुळे पालक गमावलेल्या मुलांसाठी हा उपक्रम विकसित केला. झाडाची मुळे म्हणजे गाव, घराणे, भाषा. जमीन म्हणजे रोजचे जीवन. खोड म्हणजे अंगची कौशल्ये. फांद्या म्हणजे आशा. पाने म्हणजे जवळची माणसे. आणि फळे म्हणजे इतरांकडून मिळालेल्या देणग्या. सर्व मुलांची झाडे भिंतीवर एकत्र लावून 'वन' तयार केले जाते. त्यानंतरच वादळांविषयी, म्हणजे आलेल्या संकटांविषयी, चर्चा होते. मुलाला दुःखाविषयी बोलण्यापूर्वी उभे राहायला जागा मिळावी, हे या क्रमामागील तत्त्व आहे.

मुखवटा

मुखवट्याच्या बाहेरच्या बाजूस जगाला दिसणारा चेहरा व आतील बाजूस मनातील भावना रंगविल्या जातात. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसोबत हा उपक्रम परिणामकारक ठरतो. आतील बाजू इतरांना दाखविण्याची सक्ती नसते.

काळजीची पेटी

रिकाम्या खोक्याला रंगवून त्यात काळज्या लिहून टाकल्या जातात. ठरलेल्या दिवशी त्यांतील एक चिठ्ठी समुपदेशकासोबत उघडली जाते. परीक्षेच्या काळात याचा विशेष वापर होतो.

बाहुल्या व नाट्य

हातमोज्यांच्या बाहुल्यांमुळे प्राथमिक वर्गातील मुले भांडण, चिडवणे, घरातील प्रसंग सहज वठवितात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या व चित्रकथी यांसारखे लोककलाप्रकार मुलांना या माध्यमाकडे नेण्यास उपयोगी पडतात. मोठ्या मुलांसाठी ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगुस्तो बोआल यांच्या मंचनाट्य पद्धतीचा वापर होतो. यात छळाचा प्रसंग सादर करून तो थांबविला जातो. प्रेक्षकांतील विद्यार्थी रंगमंचावर येऊन पर्यायी कृती करून दाखवितात. ज्या विद्यार्थ्याचा प्रत्यक्ष छळ झाला आहे त्याला त्याच भूमिकेत उभे करणे टाळले जाते.

स्थानिक कलाप्रकार

वारली चित्रांतील त्रिकोण, वर्तुळ व रेघा यांतून मानवाकृती सहज साधते, त्यामुळे चित्रकलेची धास्ती असलेली मुलेही गटचित्रात सहभागी होतात. दिवाळीत मुले अंगणात बांधतात ते मातीचे किल्ले रचनेच्या दृष्टीने वाळूच्या ट्रेशी साम्य असलेले आहेत. कोणते चित्र कुठे ठेवायचे, तटबंदी कोठे भक्कम करायची, हे मूल स्वतः ठरविते. लेझीम, ओवी, भोंडल्याची गाणी यांचा वापर गटातील एकोपा वाढविण्यासाठी करता येतो.

सत्राची रचना

वैयक्तिक सत्र साधारणतः एका तासिकेचे असते. त्याचे चार टप्पे असतात.

१. आरंभ – स्वागत, आजच्या कामाची कल्पना, आणि 'येथे चित्राला गुण नाहीत' याची ग्वाही. महाराष्ट्रात शासकीय रेखाकला परीक्षा, चित्रकला स्पर्धा व त्यांतील श्रेणी यांमुळे चित्र म्हणजे मूल्यमापन हे समीकरण मुलांच्या मनात दृढ असते. त्यामुळे ही ग्वाही एकदा देऊन भागत नाही.
२. निर्मिती – समुपदेशक शक्यतो मौन पाळतो. मुलाच्या हातातील खडू घेऊन सुधारणा करणे, 'आकाश निळे असते' असे सांगणे किंवा अतिस्तुती करणे टाळले जाते.
३. संवाद – 'हे काय काढले आहेस?' या प्रश्नाऐवजी 'या चित्राविषयी काही सांगशील?' असे विचारले जाते. 'या मुलीला आता काय हवे आहे?', 'चित्राच्या बाहेर कोण उभे आहे?', 'या चित्राला नाव दिलेस तर?' असे खुले प्रश्न उपयोगी पडतात. 'हे तुझे बाबा आहेत ना?' असा उत्तर सुचविणारा प्रश्न वर्ज्य मानला जातो. मुलाला बोलायचे नसेल तर तेही स्वीकारले जाते.
४. समारोप – चित्र कोठे ठेवायचे हे मुलाने ठरवायचे असते. मूल पुन्हा गणिताच्या किंवा भाषेच्या वर्गात जाणार असल्याने शेवटची पाच मिनिटे हात धुणे, साहित्य आवरणे, श्वासाचा एखादा साधा व्यायाम यांसाठी राखून ठेवली जातात.

गटसत्रात सहा ते दहा मुले सोयीची ठरतात. 'दुसऱ्याच्या चित्रावर शेरा मारायचा नाही' आणि 'येथील गोष्ट बाहेर सांगायची नाही' हे नियम मुलांकडूनच ठरवून घेतले जातात. गटात गोपनीयतेची पूर्ण हमी देता येत नाही, हेही त्यांना आधी सांगणे आवश्यक असते.

चित्राचा अर्थ लावण्यातील धोके

या क्षेत्रातील सर्वांत गंभीर वाद मुलाच्या चित्रावरून निष्कर्ष काढण्याविषयी आहे. कॅरेन मॅकोव्हर यांची मानवाकृती चाचणी (१९४९), जॉन बक यांची घर-झाड-माणूस चाचणी (१९४८) आणि रॉबर्ट बर्न्स व हार्वर्ड कॉफमन यांचे गतिमान कुटुंबचित्र (१९७०) या प्रक्षेपण पद्धती प्रसिद्ध आहेत. त्यांतील एकेका चिन्हाचा ठरावीक अर्थ लावण्यास मात्र पुरेसा पुरावा मिळालेला नाही.

लॉरेन चॅपमन व जीन चॅपमन यांनी १९६७ मध्ये केलेला प्रयोग या संदर्भात वारंवार उद्धृत केला जातो. त्यांनी विद्यार्थ्यांना मानवाकृतींची चित्रे व त्यांसोबत मनमानी पद्धतीने जोडलेली लक्षणे दाखविली. चित्र व लक्षण यांत प्रत्यक्ष संबंध नसतानाही मोठे डोळे म्हणजे संशयी वृत्ती असे संबंध विद्यार्थ्यांना 'दिसले'. व्यावसायिक मानसशास्त्रज्ञ जे संबंध सांगत, तेच हे होते. पाहणाऱ्याच्या मनातील पूर्वकल्पना चित्रावर कशी लादली जाते, हे त्यातून स्पष्ट झाले. स्कॉट लिलियनफेल्ड व सहकाऱ्यांनी २००० साली घेतलेल्या आढाव्यातही प्रक्षेपण चाचण्यांच्या बहुतेक उपयोगांविषयी प्रतिकूल मत नोंदविले गेले.

शालेय व्यवहारात याचे परिणाम दुहेरी होतात. काळ्या रंगाचा वापर म्हणजे नैराश्य, हात नसलेली आकृती म्हणजे असहायता, असे समज धरून एखाद्या निरोगी मुलावर शिक्का बसू शकतो. मुलाने काळा खडू घेतला, कारण खोक्यात तेवढाच शिल्लक होता, असेही घडू शकते. उलट, आनंदी रंगांचे चित्र पाहून गंभीर स्थितीतील मुलाकडे दुर्लक्ष होण्याचाही संभव असतो. लैंगिक अत्याचाराच्या संशयात केवळ चित्राचा पुरावा मानल्यास निरपराध व्यक्ती अडचणीत येऊ शकते. तसेच सुचविणाऱ्या प्रश्नांमुळे मुलाच्या खऱ्या कथनाची विश्वसनीयताही नष्ट होऊ शकते. म्हणून चित्र हा संवादाचा आरंभ मानावा, अर्थ मुलाकडूनच समजून घ्यावा, आणि चिंताजनक आशय वारंवार आढळल्यास वर्तन, उपस्थिती, अभ्यास, कुटुंबाची माहिती यांसह त्याचा विचार करून तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, असे सांगितले जाते.

नैतिक व कायदेशीर बाबी

संमती – पालकांची संमती व मुलाची स्वतःची तयारी या दोन्ही आवश्यक आहेत. कलेत भाग न घेण्याचा मुलाला अधिकार असतो.

मालकी व प्रदर्शन – समुपदेशनात तयार झालेली कलाकृती मुलाची असते. ती वर्गफलकावर, स्नेहसंमेलनात, शाळेच्या वार्षिक अंकात किंवा समाजमाध्यमांवर प्रसिद्ध करणे हा गोपनीयतेचा भंग ठरतो. नाव झाकले तरी वर्गमित्र चित्र ओळखतात, ही अडचण लहान शाळांत अधिक जाणवते.

गोपनीयतेची मर्यादा – मुलाच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असल्यास, तसेच अत्याचार उघड झाल्यास माहिती संबंधितांना द्यावी लागते. ही मर्यादा मुलाला पहिल्याच भेटीत त्याला समजेल अशा शब्दांत सांगितली जाते.

कायदा – बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या व्यक्तीने ती विशेष बाल पोलीस पथक किंवा स्थानिक पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. तसे न करणे हा कलम २१ नुसार दंडनीय अपराध आहे. शाळेची बदनामी होईल या कारणास्तव प्रकरण अंतर्गत मिटविण्यास कायद्यात वाव नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांवर बंदी घातली आहे.

मदतवाहिन्या – संकटातील मुलांसाठी १०९८ ही विनामूल्य सेवा १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली व नंतर देशभर पसरली. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची राष्ट्रीय सेवा ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे.

मर्यादा व टीका

कला-उपक्रमांच्या परिणामकारकतेवरील अनेक अभ्यास लहान गटांवर आधारलेले असून त्यांतील पद्धती परस्परांहून भिन्न आहेत, त्यामुळे सरसकट निष्कर्ष काढणे कठीण जाते. मंडल रंगविल्याने चिंता घटते हा लोकप्रिय समज २००५ मधील कॅरी व कॅसर यांच्या अभ्यासावर आधारित आहे. त्या अभ्यासात मंडलाइतकाच परिणाम चौकटींची नक्षी रंगविल्यानेही आढळला होता. कोऱ्या कागदावर मुक्तपणे रंगविणाऱ्यांत तो तसा दिसला नाही. मंडलापेक्षा सुबद्ध आकृतिबंध हाच त्या परिणामाचे कारण असावा, असे त्यावरून मानता येते.

स्वतंत्र खोली, नियमित वेळ व साहित्य यांचा अभाव ही व्यवहारातील प्रमुख अडचण आहे. अनेक शाळांत समुपदेशकाचे काम वर्गशिक्षकाकडेच येते. एकच व्यक्ती सकाळी शिस्त लावणारी आणि दुपारी मनातले ऐकणारी असल्यास मुलाला मोकळेपणा वाटणे अवघड जाते. अल्पमुदतीच्या प्रशिक्षणानंतर शिक्षकांनी आघातग्रस्त मुलांसोबत खोलवर काम करू नये, असाही इशारा दिला जातो. आत्महत्येचे विचार, स्वतःला इजा, तीव्र नैराश्य किंवा वास्तवाशी तुटलेला संपर्क आढळल्यास मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे पाठविणे आवश्यक असते. अशा वेळी कला-उपक्रम उपचाराला पूरक राहू शकतात. ते उपचाराची जागा घेऊ शकत नाहीत.

कुटुंबातील दारिद्र्य, जातिभेद, शाळेतील मारहाण यांसारख्या कारणांतून आलेल्या दुःखावर केवळ रंग व कागद देणे म्हणजे मूळ प्रश्नाला बगल देणे होय, अशीही एक टीका आहे. या टीकेला प्रतिसाद म्हणून मुलाच्या अभिव्यक्तीतून समोर आलेल्या बाबी, वैयक्तिक ओळख उघड न करता, शाळा व्यवस्थापन समिती व पालकसभा यांच्यापुढे नेण्याची जबाबदारीही समुपदेशकाच्या कार्यात धरली जाते.

हेही पहा

समुपदेशन
कला-उपचार
खेळोपचार
बालमानसशास्त्र
बालरंगभूमी
नयी तालीम
ताराबाई मोडक